बिडी सोडायलाही सावड धरा



सावड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी जोडी लावतो आणि दोघांचीही राने नांगरून होतात. भातलावणीला आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. हातात मजुरीचा रुपया नसला तरी काम अडत नाही. ट्रॅक्टर आले तशी बैलांची सावड कमी झाली. पण खुरपणीला, कांदालावणीला बायाबापड्या अजूनही सावडीने जातात. जे काम एकट्याला उरकत नाही ते चौघांनी मिळून करायचे, ही आपली जुनी रीत आहे.

पण एक काम असे आहे, की ते आपण अजून ज्याच्या त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकतो. ते म्हणजे बिडी सोडणे.

आता पाहा, बिडी लागते कशी? गुरे वळताना सवंगड्यांबरोबर, लग्नाच्या वऱ्हाडात, ऊसतोडीच्या फडावर. "घे रे, एका झुरक्यानं काय होतंय?" असे म्हणून दुसराच कोणी तरी पहिली काडी ओढून देतो. लागताना सगळे सोबतीला असतात. सोडताना मात्र माणूस एकटा पडतो. वर पारावरचे चौघे हसतात ते वेगळेच. "काय पाटील, आज कितवा दिवस? बघू किती टिकतंय!" घरात शिरावे तर तिथेही कारभारीण म्हणते, "अशी दहा वेळा सोडलीत तुम्ही." बिचारा चौथ्या दिवशी चिडतो, उठतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बंडल घेऊन येतो. मग सगळे म्हणतात, "आम्ही सांगितलंच होतं."

मंडळी, यात त्याच्या एकट्याच्या मनाचा कच्चेपणा नाही. आपण त्याला सोबत दिली नाही, हेही त्याचे एक कारण आहे. म्हणून आजच्या लेखात बिडी वाईट कशी एवढेच सांगत बसत नाही. ते ओढणाऱ्यालाही ठाऊक असते. पहाटे उठून खोकल्याची उबळ त्यालाच येते. बांध चढताना धाप त्यालाच लागते. नातवाला उचलून घ्यावे तर पोर तोंड फिरवते, हेही त्यालाच कळते. तेव्हा सोडायची कशी आणि घराने, शेजाऱ्याने हात कसा द्यायचा, ते आज पाहू.

तलफ म्हणजे काय?

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. झुरका घेतला की काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचते आणि क्षणभर बरे वाटते. पण सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग मेंदू पुन्हा मागणी करतो. ही मागणी म्हणजेच तलफ. वर्षानुवर्षे वेळेवर वैरण मिळालेले जनावर दाव्याला हिसके देते ना, तसेच हे.

बिडी बंद केली की पहिले दोन-तीन दिवस हे हिसके सर्वांत जोराचे असतात. चिडचिड होते, डोके जड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, भूक मात्र वाढते. त्यानंतर जोर हळूहळू ओसरतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांना बरे वाटू लागते. दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. तलफ कितीही जोराची असली तरी एकेक तलफ काही मिनिटांपुरतीच असते. तेवढी मिनिटे निभावली की ती आपोआप खाली बसते. गार पाण्याचा तांब्या प्यावा, गोठ्यात एक चक्कर मारावी, तोंडात बडीशेप किंवा चार फुटाणे टाकावेत, कोणाशी तरी दोन शब्द बोलावेत, तेवढ्यात ती वेळ टळते. यातले दोन शब्द बोलणे हे सर्वांत गुणाचे, आणि त्यासाठीच सोबती लागतो.

आणखी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली अशी, "बिडीशिवाय सकाळी पोटच साफ होत नाही." यात थोडे तथ्य आहे. निकोटिनने आतड्याला चालना मिळते, ते बंद झाले की काही जणांना चार-आठ दिवस मलावरोध होतो. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी, एवढ्याने पोट पुन्हा वळणावर येते. दुसरी तक्रार अशी, "सोडल्यापासून खोकला उलट वाढला." धुराने लुळी पडलेली श्वासनळीतली बारीक लव पुन्हा काम करू लागते आणि साचलेला कफ वर ढकलते, म्हणून काहींना थोडे दिवस असे होते. विहिरीतला गाळ काढताना पाणी आधी गढूळ होते, तसेच समजा. मात्र खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीतून रक्त पडले किंवा वजन घटू लागले, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. धूम्रपान करणाऱ्याला क्षयाचा धोकाही जास्त असतो.

'बिडी सिगारेटपेक्षा बरी' हा गैरसमज

बिडीत तंबाखू थोडी, वर कागद नाही, झाडाचे पान, म्हणून ती सौम्य, असे बरेच जण मानतात. खरी गोष्ट उलटी आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि जोराने मारावे लागतात. त्यामुळे बिडी ओढणाऱ्याच्या पोटात निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी जात नाही, जास्तच जातो. शिवाय आपल्या शेतकऱ्याला आणखी एक भीती आहेच. कडब्याच्या गंजीला किंवा वाळलेल्या उसाच्या फडाला एक पेटते थोटूक पुरते आणि वर्षाची कमाई तासाभरात राख होते.

सावड कशी बांधावी?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सावडीचे काही साधे नियम आहेत, ते असे.

पहिला नियम. तीन ते पाच जण जमवा. भाऊ, शेजारी, डेअरीवर भेटणारे, कोणीही चालेल. त्यात शक्य तर एक जण असा घ्या, की ज्याची बिडी सुटून वर्ष उलटले आहे. औताला एक जाणता बैल असला की नवा गोऱ्हाही तासात चालतो. डॉक्टरने सांगितलेले माणूस ऐकतो. पण "मलाही तिसऱ्या दिवशी असंच झालं होतं, दादा, उद्या कमी होईल," हे सोबत्याने सांगितलेले त्याला पटते.

दुसरा नियम. सर्वांनी एकच दिवस ठरवावा. मुहूर्त बघत वर्ष घालवू नये, पंधरवड्याच्या आतला दिवस धरावा. लग्नघर किंवा सुगीची घाई असेल तेवढे दिवस टाळावेत. त्या दिवशी एकदम बंद करावी. "आज दहा, उद्या आठ, परवा सहा" असे करणाऱ्यांपेक्षा ठरल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांना जास्त यश येते, असे इंग्लंडमध्ये सुमारे सातशे धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, तर हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना समजावून सांगणाऱ्यांचा आधार आणि निकोटिनच्या पट्ट्या दिलेल्या होत्या, हेही लक्षात घ्या.

तिसरा नियम. आदल्या रात्री घरातली बंडले, थोटके, खिशातली काडेपेटी, सगळे काढून टाकावे. चुलीजवळची काडेपेटी कारभारणीच्या ताब्यात राहील. 'अडीनडीला असू द्यावी' म्हणून कौलात खोवून ठेवलेली एक बिडी दहा दिवसांची मेहनत वाया घालवते.

चौथा नियम. रोज एकदा भेट झालीच पाहिजे. पारावर नको, तिथे धूर असतो. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला आपण डेअरीवर जातोच, तिथेच भेटावे. फार बोलायचे नाही. "काल?" "नाही ओढली." एवढे पुरे. उद्या विचारणारा कोणी आहे, एवढ्या जाणिवेनेही हात आखडतो.

पाचवा नियम. अवघड वेळा आधीच हेरून ठेवाव्यात. जेवणानंतरची, चहाबरोबरची आणि रात्री दारे धरायला गेल्यावरची. रात्रीची वीज, अंधार, थंडी, एकटेपणा. अशा वेळी बिडी हीच सोबत होऊन बसलेली असते. शक्य असेल तेव्हा सावडीतल्या दोघांनी मिळून पाणी धरावे. ते जमत नसेल तर मोबाईल आहेच. रात्री अकराला फोन आला तर सोबत्याने कुरकुर करू नये. विहिरीत पडलेल्याला दोर टाकताना आपण घड्याळ पाहत नाही.

सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा. खोटे बोलायचे नाही आणि कोणाला हसायचे नाही. जिथे हसतात तिथे माणूस खोटे बोलतो. आणि जिथे खोटे आले, तिथली सावड मोडली.

दिवस मोजा, टप्पे साजरे करा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब मांडतो, खाडा झाला की फुली मारतो. तसाच बिडीचा खाडा मांडा. ज्या दिवशी ओढली नाही त्या चौकटीत एक ठळक खूण करा. खूण करण्याचे काम घरातल्या लहान पोराकडे द्या. आजोबांच्या नावाची खूण करायला ते रात्री आठवणीने येईल, आणि त्याच्यापुढे "आज नको करू, बाळा" असे म्हणायची कोणत्या आजोबाला इच्छा होईल?

शरीरही आपला हिशोब मांडत असते. शेवटची बिडी विझवल्यावर वीस मिनिटांत नाडीचे ठोके आणि रक्तदाब खाली येऊ लागतात. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणजे रात्री शेवटची ओढली, तर सकाळी न्याहारीच्या वेळेपर्यंत तुमचे रक्त त्या विषारी वायूतून मोकळे झालेले असते. पहिला दिवस म्हणून लहान समजू नका. त्या रात्री घरच्यांनी एवढेच म्हणावे, "आजचा दिवस निभावला."

तिसरा दिवस म्हणजे खिंड. ती ओलांडली, की त्या रात्री त्याच्या आवडीचे काही तरी ताटात असावे. गरम पिठले-भाकरी का असेना, पण "तीन दिवस झाले म्हणून केलं" असे सांगून वाढावे.

आठवा दिवस म्हणजे एका बाजारापासून दुसरा बाजार. एव्हाना अन्नाची चव आणि वास पुन्हा कळू लागलेला असतो. सावडीतल्या सगळ्यांनी मिळून बाजाराला जावे, भेळ खावी, घरी पोरांना खाऊ आणावा. पोरांना कळू द्या, की हा खाऊ बिडीच्या पैशातला आहे.

सव्वा महिना. बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. या माणसालाही तसेच जपायचे आहे, कारण तोही नव्याने उभा राहतो आहे. दोन आठवडे ते तीन महिने या काळात रक्ताभिसरण सुधारते, फुप्फुसांची ताकद वाढते. चढ चढताना फरक त्याचा त्यालाच जाणवतो. सव्वा महिन्याला सावडीतल्या साऱ्या घरांनी एकत्र जेवावे. शेवयांची खीर करावी, लेकीसुनांनी, नातवंडांनी ओवाळावे. यात कसला आला संकोच? परीक्षा पास झालेल्या पोराला आपण ओवाळतो. ही परीक्षा त्याहून सोपी नाही.

एक हंगाम. महिन्यापासून नऊ महिन्यांपर्यंत खोकला आणि धाप कमी होत जाते. ज्या पेरणीच्या वेळी सोडली, तिच्या सुगीला मागे वळून पाहा. एक वर्ष झाले, की हृदयविकाराचा जादा धोका ओढत राहणाऱ्याच्या मानाने सुमारे निम्म्यावर येतो. अशा माणसाला १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नारळ द्यायला काय हरकत आहे? कुस्ती जिंकणाऱ्याला आपण फेटा बांधतो. या पठ्ठ्याने तर वर्षभर रोज कुस्ती केलेली असते. आणि दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यापर्यंत उतरतो.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. टप्पा साजरा करायला बाटली काढू नका. दारूच्या बैठकीत सुटलेली बिडी हटकून परत येते.

बिडीच्या पैशाचा डबा

समजा, बिडी-काडीपायी रोज २५ रुपये जातात. महिन्याला ७५० झाले आणि वर्षाला ९ हजार १२५. हा आकडा तोंडी सांगून पटत नाही, डोळ्यांना दिसावा लागतो. म्हणून रोजचे पैसे रोज एका डब्यात टाका. सव्वा महिन्याला डबा उघडा आणि काय घ्यायचे ते सगळ्या घराने मिळून ठरवा. वर्षाच्या डब्यातून दारात शेळी येईल, नाही तर लेकीच्या शिक्षणाची सोय होईल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रँडॉल्फ नावाचे गाव आहे. तिथे १९७० साली आर्थर मुलेनी नावाच्या गृहस्थांनी लोकांना एक विनंती केली. एक दिवस सिगारेट ओढू नका आणि ते पैसे गावच्या हायस्कुलातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीला द्या. सोडायला सांगितले ते एकच दिवस, पण साऱ्यांनी मिळून आणि गावातल्या पोरांसाठी. पुढे १९७४ साली मिनेसोटा राज्यातल्या मॉन्टिसेलो या लहान गावाच्या वर्तमानपत्राचे संपादक लिन स्मिथ यांनी असाच 'धूम्रपान न करण्याचा दिवस' पाळायला लावला. १९७७ पासून तो सबंध अमेरिकेत नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी पाळला जाऊ लागला. सुरुवात कोणा मोठ्या सरकारी योजनेने झाली नव्हती, एकदोन गावांनी केली होती.

शेतकऱ्यांचे उदाहरण हवे असेल तर फिनलंड देशातल्या नॉर्थ कारेलिया प्रांताचे घ्या. हा लाकूडतोडे आणि दूधदुभत्याच्या शेतकऱ्यांचा मुलूख. १९७२ साली तिथले निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत आणि कर्त्या वयात हृदयविकाराने जात. डॉ. पेक्का पुस्का यांनी तिथे काम सुरू केले ते गावकऱ्यांना आणि गृहिणींच्या मंडळांना बरोबर घेऊन. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा माणसांना शिकवून तयार केले आणि त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले. धूम्रपान कमी झाले, जेवणातले लोणी कमी झाले, रक्तदाबावर इलाज झाले. पुढच्या सुमारे पस्तीस वर्षांत कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू पाचातले चार कमी झाले.

आपल्याकडेही गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू आणि तंबाखूविरोधी काम गावोगावच्या संघटना उभ्या करून चालवले गेले. तेव्हा सावडीची ही गोष्ट हवेतली नाही.

वहिनी, ताई, तुमच्यासाठी

घरच्या बाईचा यात मोठा वाटा आहे, म्हणून तुमच्याशी चार शब्द स्वतंत्र बोलतो. पहिले आठ दिवस तो कारण नसताना ओरडेल. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवेल. तो राग तुमच्यावरचा नाही, तलफेचा आहे. या आठ दिवसांत देण्याघेण्याचा, भाऊबंदकीचा विषय काढू नका. मात्र अंगावर हात टाकणे हे तलफेच्या नावाखाली खपवून घेऊ नका. सोसायचे ते चिडचिडीपुरते, माराचे नाही.

"बघू किती दिवस" हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याऐवजी "आज किती झाले?" असे विचारा. जेवण झाल्याबरोबर हातात बडीशेप किंवा ओवा द्या, म्हणजे हात खिशाकडे जाणार नाही. पाहुणे आले तर त्यांच्यापुढे बिडी-काडीचे तबक ठेवण्याची रीत बंद करा, चहा द्या. आणि पाहुण्याने बिडी पुढे केलीच, तर घरधन्याने हात जोडून म्हणावे, "सोडली आहे, पावणं. तुम्हीही या आमच्या सावडीत." यात कोणाचा अपमान होत नाही.

तुमच्यातही काही जणी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून चार वेळा दात घासायची हुक्की येते, ती दातांसाठी नसते, तलफच असते. तेव्हा धन्याला बिडी सोडायला सांगताना आपलीही डबी बाहेर काढा. शेजारणींची सावड धरा. दोघांची कॅलेंडरे एकाच भिंतीवर लागली, तर कोणी कोणाला उपदेश करायला नको.

बिडी गेली आणि चुना-तंबाखू आली, असे नको

सोडणारे बरेच जण इथे फसतात. बिडी टाकतात आणि हातावर तंबाखू मळू लागतात. आपल्या महाराष्ट्रात तर हा धोका फार मोठा आहे. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, पण बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. चघळलेल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. गुटखा आणि सुपारी यांचेही तेच. चोराला पुढच्या दाराने घालवून मागचे दार उघडे ठेवण्यासारखे हे आहे. सावडीचा नियम सरळ ठेवा. तंबाखू कोणत्याही रूपात नाही.

घसरला तर काय करायचे?

सगळे नीट पाळूनही एखादा घसरतो. कोणाच्या दहाव्याला गेला, जत्रेत जुने मित्र भेटले, कांद्याचा भाव पडला त्या रात्री जीव कासावीस झाला, आणि ओढली गेली. मग दोन दिवस तो डेअरीवर येत नाही, लाजेने तोंड चुकवतो. नेमकी हीच वेळ त्याच्या दारी जाण्याची असते.

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. पेरलेल्या रानात चार ठिकाणी उगवण झाली नाही, तर आपण सगळे रान मोडतो का? आपण नांग्या भरतो. एक बिडी ओढली गेली म्हणजे चाळीस दिवस बुडाले असे नाही. त्या दिवसाची चौकट रिकामी ठेवा, पुढच्या चौकटीत पुन्हा खूण करा. नेमकी कुठे, कोणाबरोबर, कशामुळे ओढली, एवढे सावडीत सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तिथे कुंपण घालता येईल. आणि सगळेच पीक गेले, पुन्हा रोज बंडल सुरू झाले, तर दुबार पेरणी करा. बहुतेकांची बिडी पहिल्या खेपेला सुटत नाही, अनेक खेपा लागतात. पाऊस दगा देतो म्हणून पेरणी सोडून दिलेला शेतकरी आपण पाहिला आहे का?

सावडीने भागत नसेल तर इलाजही आहेत. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगम, पट्ट्या आणि इतर औषधे मिळतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्याबाबत सल्ला मिळतो. शिवाय १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन केल्यास पैसे पडत नाहीत. २०१८ सालापासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावरच छापला जातो. तेव्हा शेवटचे बंडल चुलीत टाकण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक उतरवून घ्या. त्या बंडलाचा तेवढाच काय तो उपयोग.

"आता या वयात काय सोडायची?"

म्हातारी माणसे हे हमखास म्हणतात. त्यांना एक हिशोब सांगा. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. तिशीत सिगारेट सोडली तर आयुष्याची सुमारे दहा वर्षे वाचतात, चाळिशीत सोडली तर नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीला सोडली तरी तीन वर्षे हाती लागतात. आबा, तीन वर्षे म्हणजे तीन सुग्या, तीन दिवाळ्या. मोठ्या नातीचे लग्न डोळ्यांनी पाहायचे की फोटोतून तुम्ही ते पाहायचे, एवढा फरक त्या तीन वर्षांत असू शकतो.

तेव्हा मंडळी, हा अंक वाचून घडी करून ठेवू नका. आज संध्याकाळी दूध घालायला जाल तेव्हा शेजारच्याला विचारा, "सोडायची का रे दोघं मिळून?" तो हसेल. हसू द्या, उद्या पुन्हा विचारा. तिसरा सापडला की दिवस ठरवा आणि घरी येऊन कॅलेंडरखाली दोरीने एक पेन्सिल बांधा. खुणा करायला पोरे तयारच आहेत.